समुद्राखालून आलेले इंटरनेट

मुलांनो, नकाशात केरळच्या पश्चिमेला पाहा. अरबी समुद्रात बारीक ठिपके दिसतील. ती लक्षद्वीप बेटे. तेथील इंटरनेट पूर्वी उपग्रहावर चाले. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच! शिवाय त्याची थोडीशी क्षमता सगळ्या बेटांनी वाटून घ्यायची. एखाद्या रोग्याचा एक्स-रे कोचीच्या डॉक्टरांना पाठवायचा, तर किती खोळंबा!

जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्रतळावरून आणलेल्या केबलचे उद्घाटन झाले. अशा केबलमध्ये केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. त्यांतून प्रकाश धावतो आणि निरोप पोचवतो. किनाऱ्याजवळ जहाजाचा नांगर अडकून केबल तुटण्याची भीती असते, म्हणून तेथे तिच्यावर पोलादी तारांचे चिलखत चढवतात. बेटावर पोचल्यावर घराघरांत जोडणी द्यायची, ते काम मात्र वेगळेच.