नाटक होतं, प्रेक्षक हरवला!

तंजावरच्या तरुण राजाने मराठी नाटक लिहिलं आणि महाराष्ट्राला दीडशे वर्षांनी पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. आज गावोगावी नव्या एकांकिका लिहिणाऱ्या पोरांशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे...

पाच नोव्हेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या नाट्यगृहांत लगबग सुरू होते. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, भाषणं होतात. १८४३ साली याच तारखेला सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. शाळेत शिकलेला हा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ असतो.

पण त्याच्याही दीडशे वर्षं आधी, सांगलीपासून कितीतरी दूर, कावेरीकाठच्या तंजावरात एक मराठी नाटक लिहून तयार होतं! नाव 'लक्ष्मीनारायण कल्याण', काळ साधारण १६९०. लेखक खुद्द तिथले राजे, शहाजी भोसले. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे हे चिरंजीव, म्हणजे महाराजांचे पुतणे. १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर बसले तेव्हा ते जेमतेम बारा वर्षांचे होते. तेव्हा नाटक लिहिलं त्या वेळचं वय तुम्हीच मोजा. विशीही उलटली नव्हती. आजच्या हिशेबाने सांगायचं तर कॉलेजच्या कट्ट्यावर बसून एकांकिका खरडणारं वय!

आणि हे एकुलतं एक नाटक नव्हे. शहाजीराजांच्या मागे तंजावरच्या भोसल्यांनी पुढची शंभर-सव्वाशे वर्षं नाटकं लिहिली, लिहवून घेतली. प्रतापसिंह राजांच्या नावावर तर अनेक मराठी नाटकं आहेत. मग एवढी रंगभूमी गेली कुठे? भाव्यांना सगळं नव्याने का मांडावं लागलं? या प्रश्नाचं उत्तर नाटककारापाशी नाही, प्रेक्षकापाशी आहे.

पाच भाषांचा दरबार

तंजावरचा दरबार हे एक अजब मिश्रण होतं. राजघराणं मराठी, प्रजा तमिळ, आधीच्या नायक राजांपासून चालत आलेली दरबारी कलेची भाषा तेलुगू, पंडितांची संस्कृत. शहाजीराजांनी यातली एक भाषा निवडून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवलं नाही. ते तेलुगूत लिहीत, मराठीत लिहीत. त्यांच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात तर तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाचही भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. वेगवेगळ्या प्रांतांतल्या राजकन्या श्रीकृष्णाच्या प्रेमात पडलेल्या आणि प्रत्येकीचं बोलणं तिच्या तिच्या भाषेत! प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला कुठेतरी आपली भाषा कानी पडावी, असा हा बेत.

या नाटकांची घडणही वेगळी. अंकांची उतरंड नाही. आधी देवतेची स्तुती, मग सूत्रधार. मग पात्र येत असल्याची वर्दी आणि पात्र स्वतःविषयीचं गाणं गात, नाचत प्रवेश करतं. या गाण्यांना 'दरू' म्हणत. मधे मधे संवाद, पुन्हा गाणं आणि शेवटी मंगल. सारं कसं एका दमात. तीन-चार अंकांची संगीत नाटकं डोळ्यांपुढे ठेवून वाचायला बसलं, तर ही संहिता तोकडी वाटते. 'यात नाट्य कुठे आहे?' असं विचारावंसं वाटतं. पण ती कागदावर वाचण्यासाठी लिहिलेलीच नाही. अर्धं नाटक नर्तकाच्या पायांत आहे, पाव गायकाच्या गळ्यात. उरलेलं पाव तेवढं कागदावर आहे.

राजाने उडवलेली खिल्ली

राजाचं नाटक म्हणजे देवादिकांची लग्नं आणि स्तुती एवढंच असणार, असा कुणाचा समज असेल तर त्याने 'सतीदानशूरमु' ही गोष्ट ऐकावी. शहाजीराजांचं हे तेलुगू प्रहसन. त्याचा नायक आहे मोरोभट्ट. नाव ऐकूनच कळतं, गृहस्थ कुठले ते! मन्नारगुडीच्या उत्सवाला हे महाशय शिष्याला घेऊन आले आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या एका विवाहितेवर भाळले. शिष्य शास्त्रं आठवून देतो, गुरुजी ऐकायला तयार नाहीत. शेवटी ते थेट तिच्या नवऱ्याकडे तिचंच दान मागतात!

तीनशे वर्षांपूर्वी, धर्मशास्त्राला मान देणाऱ्या दरबारात, तरुण राजा भटजींचा लोचटपणा भर रंगमंचावर आणतो. जत्रा खरी, गाव खरं, माणसं ओळखीची. याच राजाने १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव सुमारे ४५ पंडितांना दान दिलं होतं. गावाला नाव मिळालं शहाजीराजपुरम. म्हणजे ज्यांना गावं द्यायची त्यांच्याच वर्गातल्या ढोंगाला चिमटाही काढायचा! 'आजचा विषय' मांडणारं छोटं नाटक ही काही मुंबई-पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीचीच कमाई नव्हे.

अर्थात या प्रहसनात आजच्या वाचकाला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दान मागितलं जातं ते एका बाईचं. तिला काय वाटतं, हा प्रश्न आज पहिला मनात येतो. तो येऊ द्यावा. जुनं नाटक पाहायचं ते डोळे मिटून नव्हे.

अठरा किलोमीटरवरचं उत्तर

आता ही नाटकं आहेत कुठे? तंजावरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात. तमिळ, संस्कृत, तेलुगू पोथ्यांबरोबर इथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं जपलेली आहेत. त्यांतली बरीच नाटकं ग्रंथालयाने छापूनही काढली. सरफोजी राजे (दुसरे) यांचं 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक त्यांपैकीच. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल गाऊन सांगते! ग्रंथालयाने आपलं काम चोख केलं. कागद वाचला. प्रयोग मात्र वाचला नाही.

याच तंजावरपासून साधारण अठरा किलोमीटरवर मेलट्टूर नावाचं गाव आहे. दरवर्षी नृसिंह जयंतीच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात, तिथल्या वरदराज पेरुमाळच्या देवळापुढे 'भागवत मेळा' उभा राहतो. नृसिंहाचा मुखवटा एरवी पूजेत असतो, त्या रात्री तो रंगमंचावर येतो. गणपतीचा मुखवटा घालून एक लहान मुलगा नाचून जातो. गावातली पुरुषमंडळीच स्त्रियांच्या भूमिका करतात. बँकेत, कचेरीत नोकऱ्या करणारे गडी त्यासाठी रजा काढून गावी येतात. 'प्रल्हाद चरित्र' रात्रभर रंगतं.

ही नाटकं लिहिली मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांनी, भोसल्यांच्याच राज्यात. भाषा तेलुगू, गाव तमिळ. समोर बसलेल्या अनेकांना शब्द न् शब्द कळत नाही, तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. विसाव्या शतकात ही परंपरा क्षीण झाली होती. गावातल्या जाणत्यांनी तिला पुन्हा उभं केलं आणि ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्या रसिकांनी बाहेरच्या जगाचं लक्ष तिच्याकडे वेधलं.

एकाच राज्यातली नाटकं. एक कपाटात जपलेलं, दुसरं अंगणात नाचणारं. गुणवत्तेचा फरक म्हणावा, तर तसं नाही. फरक एवढाच, की मेलट्टूरच्या नाटकाला गाव मिळालं आणि तंजावरच्या मराठी नाटकाला फक्त दरबार. १८५५ मध्ये शिवाजी राजे (दुसरे) यांच्या मृत्यूनंतर राजपदच संपलं. दरबार उठला, प्रेक्षक उठला, नाटकही उठलं. तंजावरकडची मराठी घरं आजही घरात आपली जुन्या वळणाची मराठी बोलतात. पण तिथल्या नाटकाची खबर महाराष्ट्राच्या रंगमंचापर्यंत वेळेवर पोचलीच नाही. भाव्यांनी कर्नाटकातल्या मंडळींचे खेळ पाहून स्फूर्ती घेतली. तंजावरची वही त्यांच्यापुढे नव्हती.

सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून...

वेळेवर प्रेक्षक मिळाला की काय घडतं, याचं उदाहरण शोधायला फार मागे जायला नको. १९६५ सालची नागपूरची गोष्ट. एक तरुण सिनेमाला गेला, तिकीट मिळालं नाही म्हणून नाटकाला जाऊन बसला. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो', दिग्दर्शन विजया मेहता यांचं. तरुण इतका भारावला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला. त्याचं नाव महेश एलकुंचवार.

दोन वर्षांत त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा'त छापून आली. ती विजयाबाईंच्या नजरेला पडली आणि त्यांनी या नवख्या लेखकाच्या एकांकिका 'रंगायन'तर्फे रंगमंचावर आणल्या. त्याच काळातल्या 'होळी' या एकांकिकेवर पुढे १९८४ मध्ये केतन मेहता यांनी चित्रपट काढला. आमिर खान त्यात होता. 'वाडा चिरेबंदी' लिहिणाऱ्या नाटककाराची सुरुवात अशी एका छोट्या नाटकाने झाली. ती वाचणारं एक माणूस योग्य वेळी भेटलं नसतं तर? तीही वही कपाटातच राहिली असती.

करंडक आणि खुर्ची

आज नव्या लेखकांना दरबार नाही, पण स्पर्धा आहेत. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून सुरू आहे. कॉलेजची पोरं तासाभरात आपलं म्हणणं मांडतात, आणि बाहेर घोषणांनी आवार दणाणतं. मराठी रंगभूमीला आणि पडद्याला किती माणसं या स्पर्धेने दिली, त्याची मोजदाद अवघड. २०२२ मध्ये मात्र वेगळंच घडलं. दर्जा कमी पडला म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही! त्यावर मोठी चर्चा झाली. कुणी म्हणालं, बरं झालं, डोळे उघडतील. कुणी म्हणालं, उमेद खचेल.

परीक्षकांचं काम मोजण्याचं, ते त्यांनी केलं. प्रेक्षकाचं काम वेगळं आहे. त्याच्या हातात गुणांचा तक्ता नसतो, वेळ असतो. पण होतं काय, की एकांकिका पाहायला कॉलेजची मुलं, त्यांचे मित्र आणि फार तर आईवडील येतात. बाकीचं गाव घरी टीव्हीपुढे! नव्या लेखकाचं कौतुक होतं ते ओळखीच्यांकडून. अनोळखी माणूस कुठे हसला, कुठे चुळबुळला, हे त्याला कळतच नाही. आणि शिकायचं असतं ते नेमकं तिथूनच.

पाहायचं कसं?

एकांकिका पाहणं अवघड नाही. थोडी सवय लागते इतकंच. पहिली गोष्ट म्हणजे वेळेवर पोचा. तीन अंकी नाटकात दहा मिनिटं बुडाली तर चालून जातं, पण पाऊण तासाच्या नाटकात तेवढ्यात घर बांधून झालेलं असतं.

दुसरं, तिच्यात सगळं शोधू नका. छोट्या नाटकात एकच गाठ असते. ती कोणती, कुठे पडली आणि सुटली की तशीच राहिली, एवढं पाहा. पात्राच्या मागच्या चार पिढ्या कळल्या नाहीत म्हणून बिघडत नाही. लेखकाने काय गाळलं, हेही त्याचं लेखनच असतं.

तिसरं, भाषेकडे कान द्या. नवा लेखक आपल्या गावची बोली घेऊन येतो. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कॉलेजची खिचडी मराठी. एखादा शब्द अडला तर अडू द्या. मेलट्टूरच्या आजीबाई तेलुगू न येता रात्र जागवतात, आपल्याला अर्धा तास काय जड?

चौथं, नेपथ्य नाही म्हणून नाक मुरडू नका. दोन खुर्च्या आणि एक ठोकळा यांचं घर, बस, तुरुंग होतो का, ते पाहण्यात निम्मी मौज आहे. मुलांना बरोबर न्या. ती हे खेळ आपल्यापेक्षा लवकर ओळखतात!

आणि शेवटचं, खेळ संपल्यावर लगेच पळू नका. लेखक तिथेच कुठेतरी विंगेत घाम पुसत उभा असतो. त्याला 'छान झालं' म्हणू नका, त्याचा त्याला उपयोग नाही. कुठला प्रसंग घरी जाताना डोक्यात राहील ते सांगा, आणि कुठे लक्ष उडालं तेही सांगा. नाटक आवडलं नसेल तरी हरकत नाही. त्याचं पुढचं नाटक पाहायला मात्र या.

शहाजीराजांपाशी दरबार होता, पंडित होते, नर्तक होते, खजिना होता. तरीही त्यांची मराठी नाटकं दरबाराबरोबर थांबली. आजच्या पोरांपाशी यातलं काहीच नाही. त्यांच्यापुढे चारशे खुर्च्या असतात. येत्या शनिवारी त्यांतली एक तुमची असायला काय हरकत आहे?