देश नसलेल्यांचा पासपोर्ट

पासपोर्टमध्ये असतं काय? नाव, फोटो, जन्मतारीख. पण परक्या देशातला अधिकारी ती पुस्तिका हातात घेतो, तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट हवी असते: या माणसाला परत घेणारं कुणीतरी आहे, ही हमी. त्या हमीच्या जोरावरच दार उघडतं.

मग ती हमी देणारा देशच पाठ फिरवून बसला तर?

रशियातली क्रांती आणि त्यानंतरची यादवी यांतून दहा लाखांहून अधिक माणसं देशाबाहेर पडली. कुणी कॉन्स्टँटिनोपलला, कुणी बर्लिनला, कुणी थेट चीनमधल्या हार्बिनला. डिसेंबर १९२१मध्ये सोव्हिएत सरकारने एक हुकूम काढला आणि यातल्या बहुतेकांचं नागरिकत्वच गेलं. माणसं होती तिथेच होती, पण कायद्याच्या नजरेत ती आता कुणाचीच नव्हती! राहायचं कुठे, काम मागायचं कुणाकडे, सीमा ओलांडायची कशाच्या आधारावर?

इथे कथेत येतो एक ध्रुवसंशोधक. नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन. १८८८मध्ये स्कीवरून ग्रीनलँड ओलांडणारा, पुढे उत्तर ध्रुवाच्या ओढीने आपलं जहाज मुद्दाम बर्फात गोठवून घेणारा. १९२१मध्ये राष्ट्रसंघाने त्याला रशियन निर्वासितांसाठी उच्चायुक्त नेमलं. जुलै १९२२मध्ये जिनिव्हात सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि तोडगा निघाला: निर्वासित जिथे आहे, तिथल्या सरकारने त्याला ओळखीचा दाखला द्यायचा आणि बाकीच्या सरकारांनी तो मानायचा. बस्स, एवढंच!

ही जणू हुंडीच. कागद साधा, पण पुढचा मानतो म्हणून चालतो. आणि खरं नवल पुढेच आहे. हा मुळात बंधनकारक करार नव्हताच, सरकारांनी आपखुशीने मान्य केलेली व्यवस्था होती. तरीही पन्नासहून अधिक सरकारांनी ती स्वीकारली. लोक या दाखल्याला 'नान्सेन पासपोर्ट' म्हणू लागले. १९२४मध्ये तो आर्मेनियन निर्वासितांनाही मिळू लागला. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल, कादंबरीकार नाबोकोव्ह यांनीही हाच कागद बाळगला. त्यावर लावायच्या तिकिटावर खुद्द नान्सेनचा चेहरा असे आणि तिकिटाचा पैसा निर्वासितांच्याच मदतीला जाई.

पण एक मोठी उणीव होती. हा कागद घेऊन बाहेर पडता येई. ज्या देशाने तो दिला, तिथे परतण्याचा हक्क मात्र मिळत नसे. म्हणजे मूळ अडचण तशीच! परत कोण घेणार, हे ठाऊक नसलेल्याला आत घ्यायला दुसरा देश कचरणारच. म्हणून १९२६मध्ये सरकारांनी ठरवलं की या कागदावर परतीचा व्हिसाही द्यावा.

आणि १९५१च्या निर्वासितविषयक करारात, एरवी कुणी उघडूनही पाहणार नाही अशा परिशिष्टात, हे थेट कर्तव्य म्हणून उतरलं: प्रवासाचा दस्तऐवज देणाऱ्या देशाने, त्याची मुदत असेपर्यंत, त्या माणसाला परत घेतलंच पाहिजे.

थांबून पाहा, काय घडलंय ते! जी हमी फक्त स्वतःचा देश देऊ शकतो असं वाटत होतं, ती आता परका देश देतो. तिथे न जन्मलेल्या, तिथला नागरिक नसलेल्या माणसासाठी तो देश जगाला लेखी सांगतो: याला येऊ द्या, परत आम्ही घेऊ.

माणसाच्या कायद्याने याहून सुंदर वाक्यं फार थोडी लिहिली असतील.