विद्यापीठ परीक्षा घेतं, शिकवतं कोण?

माझी भाची जयपूरला वाढली. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी. बारावी झाली आणि राज्यशास्त्र घ्यायचं हे तिनं स्वतःच ठरवलं. घरच्यांपुढे आता एकच प्रश्न आहे: राजस्थान विद्यापीठ की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ? जयपूरला राहिली तर डबा घरचा. पुण्याला गेली तर आजीचं घर आहे. फोनवर तासभर बोलणं झालं आणि सगळं बोलणं 'मोठं विद्यापीठ कोणतं' याभोवतीच फिरत राहिलं. मला वाटतं, आपल्याकडे बीएचा निर्णय चुकतो तो इथेच. विद्यापीठ आणि कॉलेज यांचं नातं कसं चालतं, ते आधी नीट बघायला हवं.

1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. लंडन विद्यापीठाचा तेव्हाचा नमुना त्यांच्या समोर होता. विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, आणि शिकवायचं काम कॉलेजांनी करायचं. पुढची बहुतेक सरकारी विद्यापीठं याच घडणीतली आहेत. जयपूरचं विद्यापीठ 8 जानेवारी 1947 रोजी 'राजपुताना विद्यापीठ' म्हणून सुरू झालं आणि 1956 मध्ये राजस्थान विद्यापीठ झालं. पुणे विद्यापीठ 1949 चं. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. त्याआधी पुण्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. 2014 मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं.

या रचनेचा बीएच्या विद्यार्थ्याला थेट भिडणारा अर्थ असा, की पदवीवर ज्याचं नाव छापलं जातं ते विद्यापीठ सहसा तुम्हाला शिकवत नाही. पुण्यात विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभाग आहे. त्याचं नाव झालं ते एमए आणि त्यापुढच्या कामामुळे. बीए करणारी मुलगी फर्ग्युसन, स. प. किंवा आणखी एखाद्या कॉलेजात बसते. जयपूरलाही तसंच आहे. जवाहरलाल नेहरू मार्गावरचा विद्यापीठाचा विभाग वेगळा आणि बीएचे वर्ग वेगळे. ते वर्ग मुलींसाठी महाराणी कॉलेजात भरतात, मुलांसाठी राजस्थान कॉलेजात. ही दोन्ही विद्यापीठाची घटक महाविद्यालयं आहेत, म्हणजे विद्यापीठ ती स्वतः चालवतं. याखेरीज संलग्न खासगी कॉलेजं बरीच आहेत. शिवाय वर्गात न बसता परीक्षा देणारे असतात. राजस्थानात त्यांना 'स्वयंपाठी' म्हणतात, आपल्याकडे 'बहिःस्थ' म्हणायची पद्धत होती. पदवी एकच, पण तिच्याकडे नेणाऱ्या वाटा इतक्या वेगळ्या.

महाराष्ट्रात आणखी एक प्रकार पाहावा लागतो, तो स्वायत्त कॉलेजाचा. फर्ग्युसन स्वायत्त आहे. असं कॉलेज आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं. पदवी मात्र विद्यापीठाची असते. म्हणून पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम वाचून फर्ग्युसनचा अंदाज बांधता येत नाही. तिथला वेगळा मागवून वाचावा लागतो.

हे कळलं की तुलना दोन विद्यापीठांची उरत नाही. ती महाराणी कॉलेज आणि पुण्यातलं एक विशिष्ट कॉलेज यांची होते. मग विभागांची कीर्ती निरुपयोगी का? तसं नाही. ती पुढच्या टप्प्यावर कामाला येते, आणि मला ती इथं थोडी सविस्तर सांगावीशी वाटते, कारण या दोन विभागांच्या गोष्टी एकमेकींच्या फार जवळच्या आहेत.

2 ऑक्टोबर 1959 रोजी नेहरूंनी राजस्थानात नागौरला पंचायत राज्याचं उद्घाटन केलं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या. दोन्ही राज्यांत खेड्यातली सत्ता निवडणुकीनं वाटली जात होती, आणि दोन्हीकडच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी ठरवलं की ती कोणाच्या हाती जाते ते गावात जाऊन पाहायचं. पुण्याचे व. म. शिरसीकर यांचं 'द रूरल एलीट इन अ डेव्हलपिंग सोसायटी' हे पुस्तक 1970 मध्ये आलं. जयपूरचे इक्बाल नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 'द रूरल एलीट इन ॲन इंडियन स्टेट' हे राजस्थानवरचं पुस्तक 1976 मध्ये आलं. शीर्षकंसुद्धा सख्ख्या बहिणींसारखी आहेत. मतदारांकडे जाऊन प्रश्न विचारायची, कोण कोणाला का मत देतं हे मोजायची सवय दोन्ही ठिकाणी त्याच काळात रुजली. पुण्यात राजेंद्र व्होरा, सुहास पळशीकर, यशवंत सुमंत यांनी ती परंपरा पुढे नेली. जयपूरला एस. पी. वर्मा होते, दक्षिण आशिया अभ्यास केंद्र होतं. शिकागो विद्यापीठाचे लॉइड आणि सुझान रुडॉल्फ हे दांपत्य तर 1956 पासून जयपूरला येत राहिलं आणि आयुष्याचा मोठा काळ तिथं काम करत राहिलं.

पण यातली कोणतीही व्यक्ती आज बीएच्या वर्गात शिकवायला नाही. कीर्ती माणसांच्या मागून हळूहळू येते आणि माणसं गेल्यावरही बराच काळ रेंगाळते. म्हणून कॉलेजात जाऊन विचारायचा पहिला प्रश्न हा: राज्यशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक किती आणि तात्पुरते किती? महाराष्ट्रात तात्पुरत्या शिक्षकाला 'तासिका तत्त्वावरचा' म्हणतात. राजस्थानात 'गेस्ट फॅकल्टी' म्हणतात, आणि तिथं त्यासाठी 'विद्या संबल' नावाची योजनाही आहे. तासिका तत्त्वावरची कितीतरी माणसं अतिशय मनापासून शिकवतात. त्यांच्या मानधनाची आणि असुरक्षिततेची मला खंत वाटते. पण ज्या विभागात सगळेच तात्पुरते आहेत, तिथं पहिल्या वर्षी भेटलेला शिक्षक तिसऱ्या वर्षी सापडेल याची खात्री नसते. शिफारसपत्र कोण देणार, लेखन कोण तपासणार, हे प्रश्न मग अधांतरी राहतात.

दुसरं काम घरबसल्या होतं. गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. अभ्यासक्रमाचा कागद दोन्हीकडे भारदस्त असतो: राजकीय सिद्धांत, भारतीय राज्यघटना, पाश्चात्त्य विचारवंत, आंतरराष्ट्रीय संबंध. खरं काय शिकवतात ते प्रश्नपत्रिकेतून कळतं. 'हॉब्जचा सामाजिक करार स्पष्ट करा' हा प्रश्न दरवर्षी येत असेल, तर तिथं नोट्स पाठ केल्या की भागतं. 'हॉब्ज आणि लॉक यांच्यातल्या कोणाच्या करारात बंड करायला जागा आहे, आणि का?' असं कोणी विचारत असेल, तर मूळ पुस्तक उघडावं लागतं. अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण आहेत, त्यात निबंध किंवा प्रकल्प लिहून घेतात की फक्त छोटी चाचणी, हेही तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावं. वर्षभरात पाच पानं सलग लिहिली का, एवढा प्रश्न पुरेसा आहे.

भाषेचा मुद्दा घरात सगळ्यात कमी बोलला जातो. माझ्या भाचीच्या बाबतीत तोच मला सर्वांत मोठा वाटतो. ती मराठी छान बोलते, पण मराठीत तिनं कधी दोन पानं लिहिलेली नाहीत. राज्यशास्त्र हा शब्दांचा विषय आहे. जयपूरला विषयाचं नावच 'राजनीति विज्ञान'. आपलं सार्वभौमत्व तिथं 'संप्रभुता' होतं, लोकशाहीचं 'लोकतंत्र' होतं, मतदारसंघाचं 'निर्वाचन क्षेत्र', घराणेशाहीचं 'वंशवाद'. राजीनामा शब्द हिंदीतही आहे, पण तिथं त्याचा अर्थ समझोता; पद सोडायचं तर 'इस्तीफ़ा' द्यावा लागतो. पुण्याच्या वर्गात शिक्षक मराठीत समजावून सांगतात आणि मुलं मराठीत प्रश्न विचारतात. पेपर इंग्रजीत लिहिला तरी ही चर्चा तिला पेलायला हवी. जयपूरला तीच अडचण हिंदीच्या बाजूनं येते, पण हिंदी तिच्या अंगवळणी पडलेली आहे. ज्या भाषेत आपण भांडू शकतो, त्या भाषेत हा विषय शिकावा असं माझं मत आहे. उलट, मराठी वाचायला-लिहायला शिकायची तिची खरी इच्छा असेल, तर पुण्याच्या तीन वर्षांहून चांगली संधी मिळणार नाही. हे तिनं स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवायचं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि पुणे विद्यापीठाकडून पात्रता, म्हणजे 'एलिजिबिलिटी', करून घ्यावी लागते. राज्याच्या आरक्षित जागांसाठी त्या त्या राज्याचं प्रमाणपत्र लागतं. अनेक पिढ्या राजस्थानात असलेल्या मराठी कुटुंबानं हे अर्ज भरण्याआधीच तपासावं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे वर्षांचा हिशेबही बदलला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि चार वर्षं केल्यावर एमए एका वर्षात होतं. पण चौथ्या वर्षी संशोधनाला मार्गदर्शक लागतो, म्हणजे पुन्हा पूर्णवेळ शिक्षकांचाच प्रश्न. कॉलेजात राज्यशास्त्राचं चौथं वर्ष प्रत्यक्ष सुरू आहे का, हे विचारल्याशिवाय त्यावर बेत बांधू नये.

क्रमवारीचं काय? सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत विद्यापीठांना संशोधनासाठी 30, अध्यापन व साधनांसाठी 30, विद्यार्थी पुढे काय करतात यासाठी 20, आणि सर्वसमावेशकता व लोकमत यांना प्रत्येकी 10 असं वजन आहे. राज्यशास्त्राची वेगळी यादी त्यात नाही. रसायनशास्त्रातल्या शोधनिबंधांनी वर चढलेल्या विद्यापीठाचा क्रमांक राज्यशास्त्राच्या वर्गाबद्दल काहीच सांगत नाही.

स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर एवढंच. यूपीएससीला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसतो. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला तर त्याचे दोन पेपर मिळून 500 गुण असतात. पदवीचा अभ्यास तिथं उपयोगी पडतो, पदवीवरचं नाव नाही.

शेवटी शहर. राज्यशास्त्राची प्रयोगशाळा शहरच असतं, आणि याबाबतीत जयपूरला कमी लेखायचं कारण नाही. 200 जागांची विधानसभा शहरातच आहे. जयपूरहून काही तासांवरच्या ब्यावरला 1996 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेनं चाळीस दिवस धरणं धरलं. गावच्या कामाच्या हजेरीपटाची आणि खर्चाची कागदपत्रं बघायचा हक्क मागितला. त्यातूनच पुढे 2005 चा माहिती अधिकार कायदा उभा राहिला. राजस्थान विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकांमधून राजेंद्र राठोड, हनुमान बेनीवाल असे नेते पुढे आले. 2023 मध्ये सरकारनं त्या निवडणुका थांबवल्या, हाही अभ्यासाचाच विषय आहे. पुण्याला जयकर ग्रंथालय आहे, गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, सहकार चळवळ बघायला साखर कारखाने जवळ आहेत. एकीकडे ग्रंथालयं अधिक, दुसरीकडे विधानसभा सायकलच्या अंतरावर.

माझा कल मी भाचीला सांगितला आहे: बीए महाराणी कॉलेजात आणि एमएला गणेशखिंड. पदवीची वर्षं तिच्या हिंदी-इंग्रजीत आणि घरच्या आधारावर जावीत, तोवर तिनं मराठी वाचायला लागावं, आणि ज्या विभागाची कीर्ती एमएची आहे तिथं एमएलाच जावं. तिला हे पूर्ण पटलेलं नाही. पुण्याच्या कॉलेजातल्या ज्येष्ठ मुलींशी आधी बोलायचं, असं ती म्हणाली. परवा तिनं दोन्हीकडच्या प्रश्नपत्रिका मागवल्या आहेत. येत्या सोमवारी ती महाराणी कॉलेजात जाऊन ग्रंथालय पाहणार आहे आणि राज्यशास्त्राच्या शिक्षकांच्या खोलीवर किती नावं लिहिली आहेत ते मोजून मला फोन करणार आहे.