फर्नेसचा पंखा फिरेना, तेव्हा...

उत्तर अमेरिकेत पारा शून्याखाली उतरला की घराची सारी भिस्त फर्नेसवर असते. शिकागो वा टोरांटोला मुलांकडे मुक्कामास गेलेल्या मराठी आईवडिलांना हे यंत्र नवखे वाटते. त्यात गॅस जळून हवा तापते. पण ती खोल्याखोल्यांत पोहोचवतो तो विजेवर चालणारा पंखा, म्हणजे ब्लोअर. तो बंद पडला की घर गारठते आणि थंडी कडक असेल तर पाइपमधील पाणी गोठून पाइप फुटण्याची भीती असते.

मात्र पंखा फिरत नाही म्हणजे मोटार जळालीच, असे नव्हे. गॅस पेटल्यावर साधारण अर्धा ते एक मिनिट पंखा मुद्दामच उशिरा सुरू होतो. प्रारंभीच गार हवेचा झोत येऊ नये, हा त्यामागील हेतू. त्यानंतरही तो फिरला नाही, तर थर्मोस्टॅटवरील पंख्याचे बटण 'ऑटो'वरून 'ऑन'वर न्यावे. पंखा फिरू लागल्यास मोटार शाबूत आहे. दोष अन्यत्र शोधावा लागेल.

तरीही हालचाल नसेल, तर थर्मोस्टॅटची बॅटरी, सर्किट ब्रेकर आणि फर्नेसजवळचा स्विच तपासावा. हा स्विच दिव्याच्या बटणासारखाच दिसत असल्याने पुष्कळदा चुकून बंद केला जातो. फिल्टर बदलताना फर्नेसचे झाकण नीट बसले नाही, तरीही त्यामागील सुरक्षा स्विच वीजप्रवाह तोडतो.

हा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. झाकण उघडे असताना पंखा ज्वलनातून निघालेले वायू ओढून घरभर पसरवू शकतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. तो प्राणघातक ठरतो. ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी वा ओव्हन पेटवून ठेवण्यातही हाच धोका आहे.

मोटार नुसती गुणगुणत असेल, तर कपॅसिटर निकामी झालेला असू शकतो. वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो. म्हणून ते काम, तसेच ब्रेकर वारंवार पडत असल्यास त्याची तपासणी, तंत्रज्ञावरच सोपवावी. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर कोणत्याही बटणाला हात न लावता प्रथम सर्वांनी घराबाहेर पडावे आणि मदतीसाठी फोन बाहेरूनच करावा.