लुटुपुटूची लढाई, खरे चिलखत

दिवाळी आली की मुलांना किल्ल्याचे वेध लागतात. आम्हालाही लागत. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात दगडमातीचा किल्ला उभा राही, त्यावर हळीव पेरला जाई, मातीचे मावळे पहाऱ्यावर बसत. आणि तेवढ्याने समाधान होईना, म्हणून आम्ही पोरेच मावळे होत असू. बांबूची कामटी ही तलवार आणि डब्याचे झाकण ही ढाल. मी दहा वर्षांचा असताना अशाच एका लढाईत माझ्या कामटीचे टोक दादाच्या डाव्या डोळ्यात गेले. तो आधी "थांब, थांब!" म्हणून ओरडला होता. मला वाटले, शत्रू ओरडायचाच! त्या डोळ्याने दादाला पुन्हा दिसले नाही. त्याने मला जन्मात कधी बोल लावला नाही. पण मी पुन्हा हातात काठी म्हणून धरली नाही.

तेव्हा माझा भाचा अमेरिकेत तलवारबाजी करतो हे बहिणीकडून कळले, त्या वेळी माझ्या पोटात काय झाले असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. पुढे त्याच्याकडे जाण्याचा योग आला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा आणि मग आईला काय सांगायचे ते सांगा."

पेन्सिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या उत्तरेला, दर उन्हाळ्यात एक मोठी जत्रा भरते. तिचे नाव पेन्सिक वॉर. १९७२ साली सुरू झालेल्या या जत्रेला दहा हजारांहून अधिक माणसे जमतात, राहुट्या ठोकतात, युरोपच्या मध्ययुगातले पोशाख घालतात आणि लढाया खेळतात. ती भरवणारी मंडळी म्हणजे 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम'. १९६६ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील बर्कले येथे काही हौशी दोस्तांनी एका घराच्या परसात सामने भरवले, तेथून हा सारा पसारा वाढला.

मैदानावर गेल्यावर पहिला धक्का बसला तो तलवार पाहून. ती लोखंडाची नव्हतीच. तो होता वेत! ज्या वेताचा प्रसाद आम्ही शाळेत तळहातावर घेतला, त्याचाच जाडजूड भाऊ. व्यास निदान सव्वा इंच, आणि वरून चिकटपट्टीचे वेष्टण. भाचा म्हणाला, "साधे लाकूड मोडले की त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या उडतात. वेत मोडतो तेव्हा त्याचा झाडू होतो." मला आमच्या तालमीतला फरीगदगा आठवला. तलवारीच्या जागी चामडे मढवलेली काठी घ्यावी, ही युक्ती आपल्या वस्तादांनाही सुचलेली होतीच.

खेळण्यापूर्वी प्रत्येकाची तपासणी होते. त्यासाठी 'मार्शल' म्हणून पंच असतात. शिरस्त्राण हवे सोळा गेजच्या पोलादाचे, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचे. आत अर्ध्या इंचाचे अस्तर आणि हनुवटीखाली पट्टा. गळा, मानेचे मणके, मूत्रपिंडे, जांघ, कोपरे, गुडघे, पंजे झाकलेलेच हवेत. हे सारे ठाकठीक होते. शेवटी मार्शलने इंचभर जाडीचा एक लाकडी दांडका काढला आणि भाच्याच्या शिरस्त्राणाच्या तोंडावरील सळ्यांमध्ये घालून पाहिला. एक सळई जराशी वाकलेली होती. दांडका आत गेला.

मार्शलने मान हलवली. भाच्याने वर्षभर या दिवसाची वाट पाहिली होती. तो म्हणाला, "अहो, सुतभर फट जास्त आहे!" मार्शल हसून, पण ठामपणे म्हणाला, "तेवढीच पुरते." भाचा त्या दिवशी माझ्या शेजारी गवतावर बसून राहिला. तो चिडला होता. मला मात्र त्या अनोळखी मार्शलला मिठी मारावीशी वाटली.

ती फट किती पुरते, हे फ्रान्सच्या राजाला विचारावे. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये मुलीच्या लग्नाच्या उत्सवात दुसरा हेन्री घोड्यावर बसून भाल्याचा खेळ खेळत होता. अंगावर त्या काळचे उत्तमातले उत्तम चिलखत. समोरच्या माँटगोमेरी नावाच्या सरदाराचा भाला मोडला आणि त्याच्या चिरफळ्या राजाच्या शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्यात घुसल्या. अँब्रॉझ पारेसारखा नामांकित शस्त्रवैद्य उशाशी होता. तरी १० जुलैला राजा वारला.

भाच्याने जवळच्या गावातून सळई नीट करून आणली आणि दुसऱ्या दिवशी दांडका बाहेरच अडला. आता खरी गंमत कळली. फटका लागला की नाही, हे पंच ठरवत नाही; ज्याला लागला तोच सांगतो! डोक्यावर किंवा धडावर नीट वार बसला, की आपण होऊन "गुड" म्हणायचे आणि मरून पडायचे. हाताला लागला तर तो हात निकामी समजायचा. मांडीला लागला तर गुडघ्यांवर बसून लढायचे. गुडघ्याखाली आणि मनगटापुढे वार करायचाच नाही. आणि अंगावर काहीही घातलेले असो, प्रत्येकाने कड्यांचे चिलखत आणि उघड्या तोंडाचे शिरस्त्राण घातले आहे, असे सर्वांनी धरून चालायचे. म्हणजे खरे चिलखत हाडे वाचवण्यासाठी आणि मानलेले चिलखत हारजीत ठरवण्यासाठी! भाच्याने दोघांना पाडले. तिसऱ्याचा वार त्याच्या खांद्याखाली बसला. मला तो ओझरता वाटला. पण भाचा स्वतःच "गुड" म्हणून आडवा झाला.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कोणाच्या तरी शिरस्त्राणाचा पट्टा तुटला. कोणीतरी ओरडले, "होल्ड!" तो शब्द तोंडातोंडी पसरला आणि शेकडो माणसे, वेत उगारलेली, ढाली भिडलेली, होती तेथे थांबली. पुष्कळजण एक गुडघा टेकून बसले. मी विचारले, "असे ओरडण्याचा हक्क कोणाला?"

भाचा म्हणाला, "कोणालाही. मार्शलला, खेळाडूला, बघ्यालाही. तुम्ही ओरडलात तरी सारे थांबतील. कारण खरे होते की नव्हते, हे मागाहून बघायचे, आधी थांबायचे."

मी काही बोललो नाही. चष्मा पुसण्याचे निमित्त करून तोंड फिरवले. माझ्या डोळ्यांसमोर पेन्सिल्व्हेनियाचे मैदान नव्हते. हळिवाने हिरवा झालेला एक किल्ला होता.

बहिणीला मी पत्र लिहिले, "खेळू दे त्याला. जखमा होणारच नाहीत असे नाही. अंग काळेनिळे होते, ते मी पाहिले. पण हातघाईच्या भरातही 'थांब' म्हटले की थांबणारी माणसे त्याच्या भोवती आहेत."

साताऱ्याला परतल्यावर दादाला सारे सांगितले. वेत, दांडका, फ्रान्सचा राजा, ते "होल्ड". इतक्या वर्षांत आम्ही दोघे या विषयाच्या जवळपासही गेलो नव्हतो. दादा खुर्चीत बसून शांतपणे ऐकत होता. माझे बोलणे संपल्यावर बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने एवढेच विचारले,

"त्याची ती सळई नीट पक्की बसवली आहे ना?"

"बसवली आहे. मी स्वतः हात लावून पाहिली."

"मग ठीक," दादा म्हणाला, आणि अंगणात किल्ला बांधणाऱ्या पोरांकडे पाहू लागला.