भिंतीवरचे दप्तर

१९७६ साली न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या संगणकाकडे एक अत्यंत किचकट गणित सोपविण्यात आले होते: सुमारे २००० पदांची राशी, आणि तिच्यातील यच्चयावत् पदे परस्परांना छेदून अखेर शून्य उरते की नाही, एवढेच त्याने सांगावयाचे. डॅनियल फ्रीडमन, सर्जिओ फेरारा आणि पीटर व्हान न्यूवेनहाउझेन या तिघांनी मांडलेल्या सिद्धान्ताचा सारा भार त्या शून्यावर होता. एखादे पद जरी शिल्लक राहिले असते तरी तो मुळातच बाद ठरला असता. शिल्लक काही राहिले नाही. त्या सिद्धान्ताचे नाव सुपरग्रॅव्हिटी. स्टॅन्ली डेझर आणि ब्रुनो झुमिनो हेही त्याच सुमारास निराळ्या वाटेने तेथेच येऊन पोचले.

निसर्गातील मूलकणांची दोन घराणी आहेत. इलेक्ट्रॉनासारखे, ज्यांच्यापासून द्रव्य घडते, ते एका घराण्याचे, आणि प्रकाशकणासारखे, जे बलांची ने-आण करतात, ते सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव धारण करणाऱ्या दुसऱ्या घराण्याचे. एका घराण्यातील प्रत्येक कणाला दुसऱ्यात जोडीदार असावा, ही कल्पना आधीच पुढे आलेली होती. परंतु जोडीदारांची अदलाबदल अवकाश-कालाच्या प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे करण्याची मुभा असावी, एवढी एकच अट घातली की आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण त्या समीकरणांत आपण होऊन अवतरते, आणि या विषयात मला सर्वांत मोहक वाटते ती हीच गोष्ट. गुरुत्वाकर्षणाच्या कणाचा जो जोडीदार या सिद्धान्ताने सांगितला, तो ग्रॅव्हिटिनो मात्र अद्याप कोणत्याही प्रयोगात सापडलेला नाही. तथापि सिद्धान्त वाया गेला नाही. तो निराळ्याच कामी आला, आणि ते काम सांगण्यासाठी थोडे आडवाटेने जाणे भाग आहे.

आपल्याकडे धान्य साठविण्याची कणगी असते, कामट्यांची विणलेली आणि शेणमातीने लिंपलेली. तिची सर्व मापे दुप्पट केली तर दाणे आठपट मावतात आणि लिंपण मात्र चौपटच लागते, हे लिंपणाऱ्या हाताला शिकवावे लागत नाही. कृष्णविवराचा हिशेब या अनुभवाच्या उलट निघाला. १९७२ ते १९७४ या काळात याकोब बेकेन्स्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांनी दाखविले की कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्यात दडलेल्या माहितीचे माप, घनफळाप्रमाणे न वाढता त्याच्या सीमेच्या, म्हणजे क्षितिजाच्या, क्षेत्रफळाप्रमाणे वाढते; जणू कणगीत दाणे किती, हे लिंपणावरूनच ठरावे. पुढे १९९३ पासून गेरार्ड टहूफ्ट आणि लिओनार्ड ससकिंड यांनी असे प्रतिपादन केले की ही केवळ कृष्णविवराची मिरासदारी नसून, कोणत्याही अवकाशातील ऐवजाची संपूर्ण नोंद त्याच्या हद्दीवरच असली पाहिजे.

या धाडसी कल्पनेला नेमका दाखला मिळाला तो १९९७ च्या नोव्हेंबरात. अर्जेंटिनात जन्मलेल्या हुआन माल्दासेना यांनी, वयाची तिशीही गाठलेली नसताना, एका विशिष्ट वक्राकार अवकाशातील गुरुत्वाकर्षण आणि त्या अवकाशाच्या भिंतीवरील, ज्यात गुरुत्वाकर्षणाचा लवलेशही नाही असा, कणांचा सिद्धान्त ही वस्तुतः एकच गोष्ट असल्याची अटकळ मांडली. एकच जमाखर्च दोन दप्तरांत लिहिलेला असावा, एक मोडीत आणि एक बाळबोधीत, तसे हे आहे. भिंतीवरील कणांचा परस्परांशी गुंता जेथे इतका वाढतो की कोणाच्याही हिशेबाला दाद देत नाही, नेमके तेथेच आतले दप्तर सोपे होते, आणि त्या सोप्या दप्तराची लिपी म्हणजे सुपरग्रॅव्हिटी! या अटकळीची काटेकोर सिद्धता अजून व्हावयाची आहे, परंतु गेल्या पाव शतकाहून अधिक काळात तिचे अगणित ताळे जमले आहेत.

आणि मग गोष्ट फिरून ब्रुकहेवनच्याच आवारात आली. तेथे सोन्याची अणुकेंद्रके जवळजवळ प्रकाशवेगाने परस्परांवर आदळवून सुमारे ४ लाख कोटी अंश तापमानाचा क्वार्क आणि ग्लुऑन या मूलकणांचा कढ तयार करण्यात येत होता. तो वायूसारखा वागेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. २००५ साली जाहीर झाले ते असे की तो द्रवासारखा वाहतो, आणि त्याचा चिकटपणा विलक्षण अल्प आहे. कोव्हटुन, सॉन आणि स्टारिनेट्स यांनी आतल्या दप्तरातील कृष्णविवराच्या क्षितिजावरून भिंतीवरील द्रवाचा चिकटपणा आणि त्याच्या एन्ट्रॉपीची घनता यांचे प्रमाण, नैसर्गिक एककांत, १/४π असे काढलेले होते. खरे क्वार्क हे माल्दासेनांच्या भिंतीवरील कणांचे हुबेहूब रूप नव्हे, तरी मापे त्याच आकड्याच्या आसपास पडली.

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शिराझ मिनवाला आणि सायंतनी भट्टाचार्य यांनी, व्हेरोनिका ह्युबेनी आणि मुकुंद रंगमणी यांच्यासह, २००८ च्या सुमारास हा धागा फार पुढे नेला: कृष्णविवराचे क्षितिज मंदपणे तरंगू लागले की आइन्स्टाइनची समीकरणे भिंतीवर थेट प्रवाही पदार्थाची समीकरणे होऊन उतरतात, हे त्यांनी पायरीपायरीने दाखवून दिले.

आता अडले आहे ते आपल्या स्वतःच्या विश्वापाशी. ते वाढत्या वेगाने प्रसरण पावत आहे, हे १९९८ साली दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळले, आणि माल्दासेनांच्या अवकाशाला आहे तशी भिंत त्याला नाही. भिंतच नसेल तर दप्तर ठेवावयाचे कोठे, हाच आजच्या संशोधनातील एक कळीचा प्रश्न आहे. काहींच्या मते ते अतिदूरच्या भविष्यकाळाच्या काठावर असावे, आणि काहींच्या मते, पाहणाऱ्याची दृष्टी जेथे कायमची थांबते, त्या क्षितिजावर.