सळई तापली, नक्षी उमटली!

दोस्तांनो, तुमच्या स्वयंपाकघरात लाकडी चाटू आहे का? पिठलं घोटायला, शिरा परतायला चपटा, लांब दांड्याचा लाकडी चमचा वापरतात ना, तोच. आमच्या घरी दोन होते. एक तिखटाचा, एक गोडाचा. आणि पुढचं सगळं रामायण या दोघांमुळे घडलं.

लाकूड मोठं चिवट असतं बघा. लसणाची फोडणी एकदा प्यालं, की कितीही घासा, वास काही सोडत नाही. आता माझ्या आईला, म्हणजे आमच्या मुलीच्या आजीला, काचबिंदूमुळे हल्ली नीट दिसत नाही. पण ओटा काही तिने सोडलेला नाही. गेल्या श्रावणात सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तिने नेमका तिखटाच्या चाटूने हलवला. प्रसादाला लसणाचा वास! कुणी चकार शब्द काढला नाही, पण आजीला कळायचं ते कळलंच. "आता मी स्वयंपाकघरात लुडबुड करत नाही बाई," ती म्हणाली, आणि आम्हा सगळ्यांचे चेहरे उतरले.

"बाबा, गोडाच्या चाटूवर रंगाने खूण करू या!" आमची सहावीतली कन्या म्हणाली. पण रंग बोटांना लागणार कसा? शिवाय उकळत्या पदार्थात रंग उतरला तर? चाकूने दोन खाचा पाडल्या असत्या, तरी खरं तर काम भागलं असतं. पण आजीच्या वाढदिवसाला भेट म्हणून काय, दोन खाचा द्यायच्या? तेव्हा ठरलं, की गोडाचा चाटू नवा आणि घरीच करायचा, आणि त्याच्या दांड्यावर तापल्या लोखंडाने नक्षी काढायची.

ही काही आमची नवी शक्कल नव्हे, बरं का. बासरी तुम्ही पाहिलीच असेल. तिची भोकं पुष्कळ कारागीर तापलेल्या सळईनेच पाडतात. बांबूला छिद्र पाडायला गेलं तर तो पटकन चिरतो, सळईने मात्र भोक जळून स्वच्छ गोल पडतं. बस्तरच्या आदिवासी कारागिरांची तर याच्याही पुढे मजल. (बस्तर आता छत्तीसगडमध्ये आहे. हे राज्य २००० साली मध्य प्रदेशातून वेगळं झालं.) ते वाळलेल्या भोपळ्यावर तापल्या सुरीने पानं, फुलं, प्राणी काढतात आणि त्याचे दिवे, भांडी करतात. हातात धरून हवेत फिरवली की वाजणारी बांबूची बासरीही तिथे मिळते. तिच्या अंगावरही अशीच जळकी नक्षी असते.

सुताराकडून शिवणीची एक फळी आणली. शिवणीचं लाकूड फिकट पिवळसर, त्यामुळे त्यावर तपकिरी रेघ छान उठून दिसते. सागही चालतो, पण तो मुळात गडद. आणि कण्हेरीच्या लाकडाच्या वाटेला जाऊ नका. ते झाड विषारी आहे. करवतीने कापणं, कानस मारणं, मग पॉलिश पेपर, यात दोन रविवार गेले. माझ्या तळहातांना फोड आले. कन्येने पेपर घासून दांडा असा गुळगुळीत केला, की गालावर फिरवावा!

आता खरी परीक्षा. पेन्सिलीची रेघ खोडता येते. विस्तवाची रेघ कशी खोडणार? म्हणून आधी उरलेल्या तुकड्यांवर हात बसवायचं ठरवलं.

शेगडीत कोळसे फुलवले आणि जाड खिळा पक्कडीत धरून तापवला. खिळा लालबुंद झाला तसा मोठ्या ऐटीत लाकडावर टेकवला. भस्सकन धूर, आणि खाली हा एवढा काळा डाग! रेघ कुठली, नुसतं भोक. असं का झालं? लोखंड मंद लाल दिसू लागतं, तेव्हाच त्याचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असतं. आणि लाकूड साधारण २०० अंशांच्या पुढेच तपकिरी व्हायला लागतं. म्हणजे आम्ही मुंगी मारायला तोफ आणली होती! मग युक्ती सापडली. खिळा बाहेर काढून त्याची लाली जाऊ द्यायची, मनात चार-पाच आकडे मोजायचे आणि मगच टेकवायचा. तेव्हा कुठे बदामी रेघ उमटली.

पण तिथेही गंमत आहे. बारीक लोखंड झटकन निवतं. सुरुवातीला गडद असलेली रेघ दोन बोटं पुढे जाईपर्यंत फिकी पडते. म्हणून एकाऐवजी तीन खिळे शेगडीत ठेवले. एक हातात, दोन तापत. एकाच जागी थांबलं की डाग, घाई केली की रेघ गायब. शिरांना आडवं जाताना तर हात उड्या मारतो, कारण लाकडाचा मऊ भाग लवकर जळतो आणि कठीण भाग उशिरा.

हल्ली बरेच जण यासाठी विजेचा सोल्डरिंग आयर्न वापरतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे असतो तोच. त्याचं टोक सतत तापलेलं राहतं, त्यामुळे रेघ एकसारखी येते. आम्ही तोही करून पाहिला आणि मान्य करतो, काम सोपं होतं. पण डाळ जाळायची नाही म्हणून जसं चुलीकडे लक्ष द्यावं लागतं, तसं खिळ्याकडे द्यावं लागतं. मला खिळाच आवडला. कन्येचं मत माझ्या उलट होतं, हेही सांगून टाकतो.

आता थोडं दरडावून सांगतो. हे काम एकट्याने मुळीच करायचं नाही. आई, बाबा, दादा, कुणीतरी मोठं माणूस शेजारी हवंच. उघड्या अंगणात किंवा गच्चीत बसा, सुती कपडे घाला, केस बांधा, पाण्याची बादली जवळ ठेवा. धुरात तोंड घालू नका. प्लायवुड, रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं लाकूड जाळू नका, त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर घातक असतो. आणि चटका बसलाच तर तो भाग वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई असलं काही लावू नका.

तर, दांड्यावर काढायचं काय? कन्या म्हणाली, "साखरेचे दाणे!" म्हणजे नुसते ठिपके. कल्पना मला पटली, कारण टोक जरा जास्त वेळ दाबून धरलं की खोलगट खड्डा पडतो, आणि तो बोटाला लागतो. आजीला तेच तर हवं होतं. सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन तिने एका ओळीत अकरा ठिपके झकास पाडले. बाराव्याला मात्र कुठेतरी फटाका वाजला, ती दचकली आणि टोक घसरलं. दांड्यावर वाकडा, काळा ओरखडा!

तिचे डोळे पाण्याने भरले. दोन रविवारांची मेहनत! पॉलिश पेपर घासून पाहिला, पण जळकं लाकूड आतपर्यंत गेलं होतं. जास्त घासावं तर दांड्याला खळगा पडणार. बराच वेळ ती चाटू मांडीवर घेऊन गप्प बसली. मग तिने पुन्हा टोक टेकवलं. ओरखड्याच्या पुढे एक बारीक ठिपका, मागे एक मोठा, बाजूंना सहा बारीक रेघा. मुंगी! साखरेला मुंगी लागणारच की! पुढे तिने आणखी दोन मुंग्या काढल्या, या वेळी मुद्दाम.

पुढचा भाग, जो पदार्थात बुडतो, तो आम्ही कोराच ठेवला. मग साऱ्या चाटूला खोबरेल तेल चोळलं आणि रात्रभर मुरू दिलं. तेल नेहमी शेवटी लावायचं हं. आधी लावलं तर नक्षी काढताना नुसता धूर.

वाढदिवसाला आजीने चाटू हातात घेतला, नाकाशी नेला आणि मग अंगठा दांड्यावरून सावकाश फिरवला. एक ठिपका, दुसरा, तिसरा. शेवटी अंगठा अडला.

"हे गं काय?"

"मुंगी आहे, आजी. साखर खायला आलीय."

आजी दोनदा तिथूनच बोट फिरवत राहिली. मग पदर खोचून उठली आणि म्हणाली, "रव्याचा डबा काढ बघू खाली. आणि साखरेचं झाकण घट्ट लाव."